यंत्राचा हात आणि कर्माचा धनी

हाताने घडलेले कर्म हाताचे, मनाचे की आत्म्याचे, हा वाद भारतीय दर्शनांत फार जुना आहे. मेंदूतल्या संकेतांवर चालणारा यांत्रिक हात आल्यापासून त्याला व्यवहाराची धार आली आहे. मानेजवळ मज्जारज्जू तुटला, मेंदूच्या बुंध्याशी पक्षाघाताचा झटका आला किंवा एएलएससारख्या आजारात चेतापेशी एकेक करून मरत गेल्या, की हात जागच्या जागी राहतो, पण हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पेला उचलायचा आहे हे माणसाला कळते, तो उचलावासा वाटतो, उचलण्याचा प्रयत्नही आतल्या आत होतो; बोट मात्र हलत नाही. एएलएसमध्ये हे आणखी क्रूर असते. आधी सदऱ्याचे बटण लागत नाही, मग घास तोंडापर्यंत जात नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत हे सगळे पाहणारी बुद्धी शाबूत असते.

अशा माणसाच्या मेंदूत, हालचालीचे नियंत्रण करणाऱ्या भागावर, सुमारे चार मिलिमीटर लांबीरुंदीची विद्युतअग्रांची चकती बसवतात. ती आसपासच्या चेतापेशींचे विद्युत्-स्पंद टिपते. रुग्णाला सांगितले जाते, हात उजवीकडे नेण्याचा प्रयत्न करा, मूठ वळा, सोडा. कोणत्या प्रयत्नाच्या वेळी कोणत्या पेशी कशा बोलतात हे संगणक शिकतो आणि त्यावरून यंत्राच्या हाताला दिशा, वेग आणि पकड देतो. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचे विद्युत्-आलेखन पहिल्यांदा केले, तेव्हापासूनच्या संशोधनाचे हे फळ आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील ‘ब्रेनगेट’ चाचणीत पहिल्या रुग्णाच्या मेंदूत अशी चकती बसली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅथी हचिन्सन यांनी, पक्षाघातानंतर जवळपास १५ वर्षांनी, यंत्राच्या हाताने कॉफीची बाटली उचलून तोंडाशी नेली आणि एक घोट घेतला. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या जॅन शुअरमन यांनी यंत्रहाताने चॉकलेट खाल्ले. इयन बर्कहार्ट या रुग्णाच्या बाबतीत संशोधकांनी वेगळी वाट घेतली. मेंदूतले संकेत यंत्राच्या हाताकडे न नेता त्यांच्याच हातावर गुंडाळलेल्या विद्युत्-पट्ट्यांकडे वळवले आणि त्यांची स्वतःची बोटे हलवली. कवटी न उघडताही काही साधते. आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आशिष दत्ता यांच्या गटाने पक्षाघाताच्या रुग्णांसाठी असा यांत्रिक पंजा तयार केला आहे, जो डोक्यावरून टिपलेल्या संकेतांवर रुग्णाची बोटे उघडतो-मिटतो.

या शोधांकडे धर्मविचाराच्या अंगाने पाहायचे तर मराठवाड्याच्या ईशान्य टोकाला, नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या डोंगरांपासून सुरुवात करणे सयुक्तिक ठरते. हात नसणे, हात मिळणे आणि मिळालेले हात गमावणे, या तिन्हींच्या कथा तिथल्या दैवतांभोवती एकत्र आल्या आहेत. माहूरला दत्तशिखर आहे, अनसूयामातेचे शिखर आहे आणि रेणुकेचे मूळपीठ आहे. दत्तात्रेयांचा सर्वांत प्रसिद्ध राजशिष्य म्हणजे हैहय कुळातला कार्तवीर्य, सहस्रार्जुन. गणेशपुराणाच्या उपासनाखंडानुसार हा राजपुत्र जन्मला तोच हातपायांवाचून. दत्तात्रेयांनी त्याला गणेशाचा एकाक्षर मंत्र दिला, त्याने बारा वर्षे तप केले आणि त्याला सहस्र बाहू लाभले. जळगाव जिल्ह्यात एरंडोलजवळच्या पद्मालयात ही तपोभूमी दाखवतात. तिथल्या दोन गणेशमूर्तींपैकी एक त्याने स्थापिली असे मानतात. पुढे याच बाहूंच्या बळावर त्याने जमदग्नींच्या आश्रमातली कामधेनू नेली, आणि जमदग्नी-रेणुकेचा मुलगा परशुराम याने ते बाहू छाटले. या वैरात जमदग्नींचा बळी गेला. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह आणि दुसऱ्यात आईला घेतले आणि तो कोऱ्या भूमीच्या शोधात माहूरला आला. तिथे दत्तात्रेयांनी आचार्यपद स्वीकारून अंत्यविधी केले, अशी क्षेत्राची परंपरा सांगते. ज्या गुरूने हात दिले, त्यालाच त्या हातांच्या परिणामांचे उत्तरकार्य करावे लागले. कथेचा हा भाग कीर्तनातून फारसा रंगवला जात नाही, पण तत्त्वदृष्ट्या तो सर्वांत वजनदार आहे.

आता मूळ प्रश्न. यंत्राच्या हाताने पेला उचलला, तर उचलणारा कोण? न्यायदर्शनाने कर्माची उत्पत्ती क्रमाने मांडली आहे. आधी ज्ञान, मग इच्छा, मग प्रयत्न, आणि शेवटी चेष्टा, म्हणजे शरीराची हालचाल. ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न हे आत्म्याचे गुण, चेष्टा शरीराची. आधुनिक यंत्र या साखळीत कुठे बसते हे पाहिले की गोंधळ बराच कमी होतो. लोकांना वाटते, हे यंत्र मनातली इच्छा वाचते. तसे होत नाही. तहान लागली आहे, पाणी हवे आहे, एवढ्याने यंत्राचा हात हलत नाही. हात पुढे करण्याचा प्रयत्न झाला, म्हणजे मेंदूतला तो विशिष्ट भाग कामाला लागला, तरच संगणकाला संकेत मिळतो. यंत्र प्रयत्न आणि चेष्टा यांच्यामध्ये बसते. तुटलेली कडी ते सांधते. आधीच्या तीन कड्या माणसाच्याच राहतात. म्हणून न्यायाच्या कसोटीवर कर्ता तो माणूसच ठरतो, यंत्र ठरत नाही. ज्याच्या ठायी प्रयत्न, तो कर्ता.

याच कारणाने मानसिक आणि कायिक कर्मातला भेदही पुसला जात नाही. स्मृतिकारांनी कर्माचे कायिक, वाचिक, मानसिक असे तीन प्रकार केले आणि त्यांची फळे वेगळी सांगितली. मनात आले आणि यंत्राने केले, असे खरोखर होऊ लागले असते तर या भेदाला अर्थ उरला नसता. मनात डोकावलेल्या प्रत्येक रागाचा हिशेब कायिक पापात धरावा लागला असता. जोवर संशोधकांनी संकेतांचा उगम इच्छेच्या जागी न धरता हालचालीच्या प्रयत्नाच्या जागी धरला आहे, तोवर ही भीती नाही. उद्या कोणी इच्छेच्या पातळीवरच यंत्र जोडू लागले, तर मात्र धर्मशास्त्राला आणि कायद्यालाही नव्याने बसावे लागेल.

सगळीच साखळी इतकी सरळ नसते. मेंदूतून येणारा संकेत अपुरा आणि गढूळ असतो, म्हणून काही प्रयोगांत कॅमेरा वस्तू ओळखतो आणि शेवटच्या टप्प्यात पकडीचे काम संगणक स्वतः करतो. इथे निम्मे कर्म माणसाचे आणि निम्मे यंत्राचे, असा भास होतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाने या अडचणीवर आधीच बोट ठेवले आहे. कोणत्याही कर्माला पाच कारणे लागतात: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, नाना प्रकारची करणे, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. यांतल्या एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी अपुरी आहे, असेही गीता सांगते. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगताना या पाच कारणांचा विस्ताराने उलगडा केला. निरोगी माणसाचा हातसुद्धा एकट्याच्या बळावर हलत नाही. मज्जारज्जूतली जाळी, सवयीने घडलेले स्नायू, हाताखालच्या वस्तूचे वजन, हे सारे आपापला वाटा उचलतात, आणि माणूस ते लक्षातही न घेता ‘मी केले’ म्हणतो. यंत्रहाताने फक्त करणांचा हा वाटा उघड्यावर आणला.

उघड्यावर आणल्यामुळे एक जबाबदारीही येते. यंत्राचा हात चुकून शेजारच्याला लागला, तर? प्रयत्न तसा नव्हता, तर ते त्या माणसाचे कर्म नव्हे. यंत्र अधूनमधून असे चुकते हे ठाऊक असूनही तो गर्दीत ते चालवत असेल, तर निष्काळजीपणा त्याचा. दोष संगणकाच्या आज्ञावलीत असेल, तर तो करणाचा दोष आहे आणि त्याचे उत्तर ते करण बनवणाऱ्याने द्यायचे. असल्या चुकीला पाचव्या कारणावर, म्हणजे दैवावर, ढकलणे हा गीतेचा गैरवापर होईल. जे माणसाने रचले आहे आणि माणूस दुरुस्त करू शकतो, त्याला दैव म्हणता येत नाही.

यंत्राचा हात ‘आपला’ होतो का, हा याहून खोल प्रश्न. न्यायसूत्रांनी शरीराचे लक्षण सांगताना चेष्टा, इंद्रिये आणि सुखदुःखाचा अनुभव या तिघांचा आश्रय ते शरीर, अशी कसोटी ठेवली. या कसोटीवर सुरुवातीचे यंत्रहात एका बाजूने उत्तीर्ण होतात आणि दुसऱ्या बाजूने अडतात. चेष्टा त्यांत आहे, पण त्वचा नाही; स्पर्श नाही, म्हणून सुखदुःख नाही. देवीची ओटी भरण्याची साधी कृती घेतली तरी हे कळते. नारळ धरायला मूठ पुरते. कुंकवाची चिमूट धरायला अंगठा आणि तर्जनी नेमक्या जोराने एकमेकांवर यावी लागतात. आणि ओंजळीतले तांदूळ तर बोटांच्या फटींतून कधी निसटू लागले हे डोळ्यांच्या आधी त्वचेला समजते. डोळ्यांनी पाहून पाहून पकड सांभाळणाऱ्या यंत्राला ही शेवटची गोष्ट फार जड जाते.

अशाच एका रुग्णाच्या, नेथन कोपलंड यांच्या, मेंदूत २०१५ मध्ये हालचालीच्या भागाबरोबर स्पर्शाच्या भागावरही विद्युतअग्रे बसवली गेली. यंत्राच्या बोटाला काही लागले की त्या भागाला सूक्ष्म विद्युत्-झटका मिळतो आणि आपल्याच बोटाला काही लागल्यासारखे त्यांना जाणवते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार हा स्पर्श मिळू लागल्यावर वस्तू उचलून ठेवण्याच्या कामाचा वेळ सुमारे २०.९ सेकंदांवरून १०.२ सेकंदांवर आला. हाताचे कसब जेवढे स्नायूंत, तेवढेच त्वचेत असते, याचा हा मोजून दिलेला पुरावा आहे.

महाराष्ट्राला हा धडा दुसऱ्या, फार दुःखाच्या वाटेने आधीच मिळालेला आहे. कुष्ठरोगात स्पर्श जातो. चुलीवरचे भांडे हाताला पोळते ते कळत नाही, जखम होते ती दुखत नाही, म्हणून जपली जात नाही, आणि बोटे झिजत जातात. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ उभ्या केलेल्या आनंदवनात अशाच हातांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले. न्यायाची शरीराची कसोटी काटेकोर लावली तर स्पर्श गेलेला तो हात शरीर म्हणून उणा ठरेल. कर्माची कसोटी लावली तर तो पूर्ण हात आहे. आनंदवनाने दुसरी कसोटी निवडली आणि ती बरोबर होती. यंत्रहाताच्या बाबतीतही स्पर्श मिळवण्याची धडपड चालू राहावी, पण स्पर्श येईपर्यंत त्या हाताने केलेल्या कामाला कमअस्सल लेखण्याचे कारण नाही.

धार्मिक कर्माच्या बाबतीत हीच गोष्ट अधिकाराच्या प्रश्नातून समोर येते, आणि इथे परंपरेचा एक कठोर चेहराही पाहावा लागतो. जैमिनींच्या पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात यज्ञाचा अधिकार कोणाला, याची चर्चा आहे. निर्धन माणसाला अधिकार आहे, कारण धन मिळवता येते. अंगाने अधू असलेल्यालाही आहे, पण ते अधूपण दूर होण्याजोगे असेल तरच. जन्माचे, न सुधारणारे व्यंग असेल, तर नाही. आंधळा तुपाकडे पाहण्याचा विधी कसा करणार, पांगळा विष्णुक्रमाची पावले कशी टाकणार, असे भाष्यकार विचारतात. नित्यकर्मे यथाशक्ती केली तरी चालतात, हीदेखील मीमांसेचीच भूमिका आहे. पण फळाच्या इच्छेने केलेल्या कर्माला सगळी अंगे पुरी लागतात.

या निर्णयाचा सगळा भार ‘न सुधारणारे’ या एका अटीवर आहे, आणि ती अट वैद्यकाच्या हाती आहे. मज्जारज्जू तुटलेल्या माणसाचा हात कालपर्यंत न सुधारणारा होता. आज मेंदूपासून यंत्राच्या किंवा त्याच्या स्वतःच्या बोटांपर्यंत दुसरा रस्ता काढता येतो. जैमिनींचीच तर्करीत धरली तरी निर्धनाला जसे धन, तसा हा हात मिळवण्याजोगा झाला. मीमांसेच्या चौकटीत राहूनही अधिकार परत येतो.

भक्तिपरंपरेला तर एवढ्या वळणाचीही गरज पडली नाही. मानसपूजा तिने मान्य केली, नामस्मरणाला हातपायांची अट ठेवली नाही. माहूरच्या देवतेचे रूपच या बाबतीत बोलके आहे. महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांपैकी कोल्हापूरची अंबाबाई चतुर्भुज आहे, तुळजाभवानी अष्टभुजा आहे, सप्तशृंगी अठरा हातांची आहे. माहूरची रेणुका म्हणजे केवळ मुख, शेंदराने माखलेला तांदळा. आई डोंगरातून पुन्हा प्रकट होईपर्यंत मागे वळून पाहू नकोस, ही आकाशवाणी शोकात बुडालेल्या परशुरामाकडून पाळली गेली नाही, त्याने वळून पाहिले, तोवर मुखच वर आले होते, असे सांगतात. त्या मुखाला मळवट भरतात, साडी नेसवतात, कुटलेला तांबूल अर्पण करतात, आणि तोच तांबूल प्रसाद म्हणून घरोघरी जातो. हाताविना असलेल्या या देवतेला पूर्ण पीठाचा मान आहे. अठरा हातांच्या सप्तशृंगीला परंपरा अर्धे पीठ म्हणते. यातून हातांची संख्या आणि पूर्णत्व यांचा संबंध लोकांनी जोडलेला नाही एवढे तरी निश्चित दिसते. अशा देवीच्या दारात कोणी यंत्राच्या हाताने ओटी भरू लागला, तर त्याला अडवण्याचा विचारही कोणाच्या मनात येऊ नये. ती ओटी त्याच्या प्रयत्नाची आहे, म्हणून ती त्याचीच आहे.

हात परत मिळणे आणि असलेल्या हातांत भर घालणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत, आणि कार्तवीर्याची कथा नेमकी या सीमेवर उभी आहे. हात नसलेल्या मुलाला दोन हात पुरले असते, मिळाले हजार. महाभारताच्या अनुशासनपर्वात त्याने दत्तात्रेयांकडे मागितलेले वर दिले आहेत आणि ते वाचण्याजोगे आहेत. सहस्र बाहू मला रणांगणातच असावेत, घरी दोनच. आणि मी वाट चुकलो तर सज्जनांनी मला ताळ्यावर आणावे, असेही त्याने मागून घेतले होते. म्हणजे वाढीव सामर्थ्य कुठे वापरायचे याची मर्यादा आणि ते चुकीचे वापरले गेले तर आवर घालण्याची सोय, ही दोन्ही त्या वरदानातच होती. जमदग्नींच्या आश्रमात, जिथे रणांगण नव्हते, त्याने बळ दाखवले, आणि दुसरा वर परशुरामाच्या परशूने अमलात आला.

मेंदूला यंत्र जोडण्याच्या उद्योगात आज मोठे भांडवल उतरले आहे. न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाच्या मेंदूत १,०२४ विद्युतअग्रांचे उपकरण बसवले, आणि निरोगी माणसांच्या क्षमता वाढवण्याची भाषाही तिच्याकडून उघडपणे केली जाते. लुळ्या पडलेल्या हाताला चालना देणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहे आणि त्याला धर्मविचाराचा पूर्ण पाठिंबा असला पाहिजे. धडधाकट माणसाला जादा हात देण्यापूर्वी मात्र कार्तवीर्याने स्वतः मागितलेल्या त्या दोन अटी तरी लेखी असाव्यात.

शेवटचा मुद्दा देणाऱ्याच्या धर्माचा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. ही उपकरणे अजून मुख्यतः चाचण्यांतच आहेत. चाचणीची मुदत असते, निधी संपतो, कवटीतून बाहेर आलेल्या जोडणीच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो. इयन बर्कहार्ट यांच्या मेंदूत २०१४ मध्ये बसवलेले उपकरण २०२१ मध्ये संसर्गामुळे काढावे लागले. त्या सात वर्षांत त्यांनी स्वतःच्या बोटांनी बाटली ओतली होती, कार्ड सरकवले होते. उपकरण गेल्यावर हात पुन्हा होता तसा झाला. हात एकदाच गमावणे आणि परत मिळालेला दुसऱ्यांदा गमावणे, या दोन दुःखांची बरोबरी होत नाही.

मनुस्मृतीने व्यवहाराची, म्हणजे न्यायालयात जाणाऱ्या तंट्यांची, अठरा पदे सांगितली आहेत. ‘दत्तस्यानपकर्म’ हे त्यांपैकी एक. दिलेली वस्तू परत घेण्याचा तंटा इतका गंभीर मानला गेला होता की त्याला ऋण आणि ठेव यांच्या पंक्तीत बसवले. वैद्यकीय संशोधनासाठीच्या हेलसिंकी जाहीरनाम्यानेही चाचणीत उपयोगी ठरलेला उपचार चाचणी संपल्यावर सहभागींना मिळत राहील, याची तरतूद आधीच करण्यास सांगितले आहे. भारतात अशा चाचण्या वाढतील, तेव्हा संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी, किंवा सही करता न येणाऱ्याचा होकार घेण्यापूर्वी, उपकरणाची देखभाल, दुरुस्ती आणि ते काढावे लागल्यास पुढची व्यवस्था कोण आणि किती वर्षे पाहणार, हे रुग्णाला त्याच्या भाषेत लिहून दिले गेले पाहिजे. नांदेड-लातूरच्या खेड्यातून आलेल्या रुग्णासाठी ती भाषा मराठी असेल, आणि ते कागद मराठीतच हवेत.